अजून

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
पीटरहेडच्या मासळीबंदरापाशी, चर्चमागच्या खोलीत
मॉर्व्हन बुकन फळ्यावर एक आडवी रेघ ओढते.
डावीकडे काल, उजवीकडे उद्या,
मधोमध एक फुली : आपण.

समोर चौघे. हात धुऊन आलेले,
तरी बोटांना हॅडॉकचा वास.

ती सांगते, रोज करता ते साधं. मी मासे कापते.
या क्षणी चाललंय त्याला आयएनजीचं शेपूट.
दांगुओले विचारते, मी आत्ता कापत नाहीये,
पण पहाटे चारला कापायचेच आहेत,
बसचा पासही काढलाय, तर?
तर तेही चालू वर्तमानच, मॉर्व्हन म्हणते,
ठरलेला उद्या आजच्याच कपड्यांत येतो.
दांगुओले लिहून घेते. खाली दोन रेघा.

'काल' म्हणालात, तारीख सांगितलीत,
की साधा भूत, आणि दार लावून घ्यायचं.
पण घडून गेलेल्याची ओल
अजून हाताला लागत असेल, तर हॅव.
आय लॉस्ट माय की : हरवली असेल, सापडलीही असेल मग.
आय हॅव लॉस्ट म्हणालात तर तुम्ही अजून
दाराबाहेर उभे आहात, वाऱ्यात.

सुतार्नो हात वर करतो.
आमचा मुकादम म्हणतो, आय हॅव वेन्ट.
रोज म्हणतो.
सगळे हसतात. मॉर्व्हनही,
कारण तिचा अख्खा धक्का तसंच म्हणतो.
त्याला माफ आहे, तो इथे जन्मलाय.
परीक्षा तुम्हाला आहे.

केसेते मागे बसतो. त्याच्याजवळ एक कागद,
घड्या पडून पडून फडक्यासारखा झालेला.
ग्लासगोच्या कचेरीत दुभाष्याचा फोन मध्येच तुटला
तेव्हा त्याने स्वतःच सांगून टाकलं होतं :
माय ब्रदर इज विथ मी इन द बोट.
इज? मग कुठे आहे तो?
या देशात? पत्ता?
महिन्याने उत्तर आलं, विधानांत विसंगती.

मॉर्व्हन वाचते. चष्मा काढते.
वॉज, हळूच म्हणते. तिथे वॉज हवं होतं.
केसेतेला नियम ठाऊक आहे.
वहीत तीन पानं सोडवलीत, एकही चूक नाही.
वॉज म्हटलं की तो बुडतो, तो म्हणतो.
आणि ते मी पाहिलेलं नाही.
सकाळी शेजारची जागा रिकामी होती,
तेवढं पाहिलं.

हीटर ठकठक करत राहतो.

मग सुतार्नोच बोलतो, जावा बेटावरचा,
ज्याच्या भाषेत क्रियापद
कालला आणि उद्याला एकच तोंड दाखवतं.
आमच्याकडे अशा वेळी 'नाही' म्हणत नाहीत.
लग्न झालं? बलुम.
मुलंबाळं? बलुम.
माझी मावशी एकसष्ट वर्षांची आहे, एकटी. विचारा तिला.
बलुम. अजून नाही.

मॉर्व्हन मार्कर उचलते.
आहे, हे इंग्रजीतही आहे, थांबा,
आणि रेघेला कुठेही न टेकवता, वर, मोकळ्या जागेत लिहिते
ही हॅजन्ट कम यट.
तो अजून आलेला नाही.

केसेते उतरवून घेतो.
अपिलात याचा काही उपयोग होईल का
हे तिला माहीत नाही. तसं ती सांगतेही.

बुधवारी सकाळी त्याच खोलीत
विणकाम मंडळाच्या बायका जमतात,
लोकर, थर्मास, डबाभर शॉर्टब्रेड.
फळा कोणी पुसलेला नाही.
जीनेट ओठ हलवत वाचते.
कोण यायचंय गं, विचारते. कोणालाच ठाऊक नसतं.
तरी ती भिंतीशी रचलेल्यांतली एक खुर्ची
ओढून गोलात आणते.